विश्लेषण : अशांत बेटावर सहलीला जावे की नाही? श्रीलंकेचे २०२२ काय शिकवते?

९ जुलै २०२२. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉल येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीचा दुसरा दिवस होता. मैदानाला लागून असलेल्या जुन्या किल्ल्याच्या तटावर निदर्शक चढले होते, राष्ट्राध्यक्ष गोताबया राजपक्षे यांनी पायउतार व्हावे अशा घोषणा देत होते आणि खाली खेळ सुरू होता. त्याच दिवशी राजधानी कोलंबोत जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला. तेथील तरणतलावात डुंबणाऱ्या आंदोलकांची दृश्ये जगाने पाहिली. गॉलची कसोटी मात्र थांबली नाही. ११ जुलैला श्रीलंकेने ती डावाने जिंकली. पाठोपाठ पाकिस्तानचा संघ त्याच मैदानावर उतरला, त्या मालिकेतील कोलंबोची कसोटी तेवढी गॉलला हलवण्यात आली. आशिया चषक स्पर्धा मात्र देशाबाहेर, संयुक्त अरब अमिरातीत गेली.

एका देशाबद्दल काही आठवड्यांत झालेले हे तीन वेगवेगळे निर्णय : खेळा, जागा बदला, येऊच नका. तिन्ही आपापल्या जागी समजण्यासारखे होते, कारण दोन संघ सांभाळणे वेगळे आणि सहा संघांसह हजारो प्रेक्षकांची सोय करणे वेगळे. सहलीचे पैसे भरून बसलेले कुटुंब मात्र एकच प्रश्न विचारते, ‘तिथे सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळत नाही. सहल कंपनी ‘हो’ म्हणते, वृत्तवाहिनी ‘नाही’ म्हणते आणि नातेवाईक ‘कशाला जिवाला घोर?’ म्हणतात. श्रीलंकेच्या त्या वर्षाकडे पाहिले, तर प्रश्न निराळ्या पद्धतीने विचारायला हवा होता हे दिसते.

राग नेमका कोणावर?

अशांतता हा एकच शब्द फार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. श्रीलंकेतच त्याची दोन टोके तीन वर्षांच्या अंतराने दिसली. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, आत्मघाती हल्लेखोरांनी तीन चर्चसह कोलंबोतील तीन आलिशान हॉटेले लक्ष्य केली. अडीचशेहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांत परदेशी पाहुणे होते, भारतीयही होते. तेव्हा देशात राजकीय उलथापालथ नव्हती. रस्ते शांत होते, पेट्रोल मिळत होते, पर्यटनाचा हंगाम जोरात होता. तरीही पर्यटक स्वतः लक्ष्य होता.

२०२२ मध्ये याच्या उलट होते. देश रस्त्यावर उतरला होता, पण लोकांचा राग पाहुण्यांवर नव्हता. तो होता राजपक्षे घराण्यावर, संपलेल्या गॅस सिलिंडरवर, दुधाच्या पावडरीच्या किमतीवर. ३१ मार्चला लोक जमले ते मिरिहाना येथील राष्ट्राध्यक्षांच्या खासगी घरासमोर. ९ मे रोजी सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी गॉल फेस येथील शांततापूर्ण आंदोलकांवर हल्ला केला, त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात घरे जळाली ती सत्ताधारी नेत्यांची. पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांना त्याच दिवशी राजीनामा द्यावा लागला. जमावाने हॉटेलात घुसून पाहुण्यांना मारल्याचे चित्र त्या काळात कुठे दिसले नाही. ऑस्ट्रेलियाच्या संघाला तर जूनमध्ये कोलंबोतील प्रेक्षकांनी, अशा दिवसांत आपल्याकडे आल्याबद्दल, पिवळे कपडे घालून धन्यवाद दिले.

म्हणजे ‘आणीबाणी जाहीर’ ही ठळक बातमी पर्यटकाला फारसे काही सांगत नाही. बातमी काहीच नसलेला दिवस अधिक घातक असू शकतो. दहशतवादी हल्ल्याचा अंदाज कोणत्याही प्रवाशाला बांधता येत नाही, आंदोलनाचा मात्र बऱ्याच अंशी बांधता येतो. आंदोलनाला ठिकाण असते आणि तारीखही असते. ९ जुलैचा मोर्चा आधीच जाहीर झालेला होता. त्या दिवशी कोलंबोच्या किल्ला भागात न जाणे एवढी खबरदारी घेणे कोणालाही शक्य होते.

बातमीआधी नकाशा

मालदीवचे उदाहरण येथे बोलके आहे. १ फेब्रुवारी २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील विरोधी नेत्यांना सोडण्याचा आदेश दिला, राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला यामीन यांनी तो मानला नाही, ५ फेब्रुवारीला आणीबाणी लादली आणि सरन्यायाधीशांनाच अटक झाली. भारताने आपल्या नागरिकांना अत्यावश्यक नसलेला प्रवास लांबणीवर टाकण्यास सांगितले. ही आणीबाणी २२ मार्चपर्यंत चालली. पण हा सारा झगडा माले या दाटीवाटीच्या राजधानीतला होता. मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्ट स्वतंत्र बेटावर आहेत, विमानतळही मालेशेजारच्या वेगळ्या बेटावर आहे. पाहुणा तेथून बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने थेट रिसॉर्ट गाठतो. राजधानीत पाऊल न ठेवता सुट्टी पार पडते. (त्या देशाच्या लोकशाहीचे काय झाले हे अशा पाहुण्याला कळतही नाही, हा भाग वेगळा.)

श्रीलंकेत अशी सोय नाही, पण भूगोल बऱ्यापैकी दयाळू आहे. आंतरराष्ट्रीय विमानतळ कोलंबोत नसून उत्तरेला कटुनायके येथे, निगोम्बोच्या किनाऱ्याजवळ आहे. तेथून कोलंबो शहरात न शिरता बाहेर पडता येते. दुसरीकडे कोलंबो-कँडी हा पर्यटकांच्या नेहमीच्या वापरातील मार्ग निट्टंबुवा गावातून जातो आणि ९ मे रोजी सत्ताधारी खासदार अमरकीर्ती अतुकोराला यांची हत्या याच गावात झाली. तेव्हा ‘गडबड फक्त राजधानीत आहे’ हे सहल कंपनीचे आवडते वाक्यही तपासून घ्यावे लागते. रोजचा रस्ता कोणत्या गावांतून जातो हे विचारले की अर्धे उत्तर मिळते.

बेटांचा खरा तोटा निराळाच आहे. बाहेर पडण्याची दारे मोजकी असतात. नेपाळमध्ये गडबड झाली तर गोरखपूरकडे जमिनीवरून निघता येते. बेटावरून तसे निघता येत नाही. प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच प्रदेशात मे २०२४ मध्ये हेच घडले. पॅरिसमधील संसद तेथील मतदार यादी रुंदावायला निघाली होती. मूळच्या कनाक लोकांना आपले मत त्यामुळे आणखी क्षीण होईल अशी भीती होती आणि १३ मेपासून राजधानी नूमेआ पेटली. नूमेआपासून सुमारे ५० किलोमीटरवरील विमानतळाचा रस्ता जागोजागी अडवला गेला, प्रवासी विमाने बंद झाली. पर्यटकांना बाहेर काढण्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने २१ मेपासून सरकारी विमाने पाठवली. विमानतळ नेहमीच्या प्रवासी वाहतुकीसाठी खुला व्हायला १७ जून उजाडला. तेथेही परदेशी प्रवासी हे लक्ष्य नव्हते. ते फक्त अडकले, पण महिनाभर अडकण्याची ऐपत फार थोड्यांची असते.

अडचण जमावाची नव्हती, मग कशाची?

२०२२ च्या श्रीलंकेत पर्यटकाला खरा त्रास झाला तो टंचाईचा. मार्चअखेर दिवसाला १३ तासांपर्यंत वीज जात होती. १२ एप्रिलला सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. मेच्या सुरुवातीला वापरता येण्याजोगा परकीय चलनसाठा ५ कोटी डॉलरच्याही खाली असल्याचे अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले. दोन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशासाठी ही रक्कम म्हणजे जवळपास शून्य. जूनच्या अखेरीस सरकारने अत्यावश्यक सेवा वगळता इतरांना पेट्रोल-डिझेल विकणेच थांबवले. पंपांसमोर लोक दिवस-दिवस रांगेत उभे राहिले, रांगेतच काहींनी प्राण सोडले. विमानांनाही इंधन पुरेना. श्रीलंकेहून लांब पल्ल्याला निघालेली विमाने तिरुअनंतपुरम आणि कोची येथे उतरून टाक्या भरून पुढे जात होती.

याचा सहलीवरचा परिणाम मोर्च्यापेक्षा कितीतरी थेट होता. ठरवलेली गाडी येते, पण नुवारा एलियाचा घाट चढून परत यायला पुरेसे डिझेल चालकाकडे नसते. छोट्या घरगुती निवासांत गॅस नसतो, स्वयंपाक चुलीवर. संचारबंदी लागली की विमानतळाकडे जाणाऱ्यांना तिकीट आणि पारपत्र दाखवून सोडले जाई, पण नेणारे वाहन तर हवे! ३ एप्रिलला सरकारने काही तासांसाठी समाजमाध्यमे बंद केली. हल्ली चालकाचा निरोप, हॉटेलचा पत्ता, परतीची वेळ सगळेच व्हॉट्सॲपवर असते. कागदावर काहीच लिहून न घेतलेल्या प्रवाशाची अवस्था अशा वेळी केविलवाणी होते.

सर्वात गंभीर मुद्दा औषधांचा होता. मार्च २०२२ च्या अखेरीस कँडीजवळील पेराडेनिया येथील शिक्षण रुग्णालयाने औषधांअभावी नियोजित शस्त्रक्रिया थांबवल्या. ते वाचून भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी उच्चायुक्तांना मदतीची शक्यता पाहण्यास सांगितले होते. श्रीलंकेच्या पॅकेज सहलींत ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने असतात. सीता एलियाचे मंदिर, कँडीचे दंतमंदिर, थंड हवेची नुवारा एलिया हा कार्यक्रम त्यांना मानवणारा असतो. इन्सुलिन घेणारे आजोबा किंवा दम्याचा त्रास असलेली आजी सोबत असेल, तर त्या वर्षीच्या एप्रिल ते जुलै या काळात जाणे हा चुकीचा निर्णय ठरला असता. आणि त्याचे कारण तरणतलावात पोहणारे आंदोलक हे नव्हते.

सरकारी सूचना कशी वाचावी?

जुलै २०२२ मध्ये ब्रिटनने आपल्या नागरिकांना श्रीलंकेचा केवळ अत्यावश्यक प्रवास करावा असे सांगितले. ऑगस्टमध्ये ही सूचना शिथिल झाली. त्याच जुलैमध्ये कोलंबोतील भारतीय उच्चायुक्तालयाने नागरिकांना ताज्या घडामोडींवर लक्ष ठेवून आपल्या हालचाली आखण्यास सांगितले. जाऊ नका, असे म्हटले नाही. परिस्थिती एकच असताना हा फरक का? प्रत्येक सरकार दोन गोष्टी पाहते. एक, आपल्या माणसांना काढावे लागले तर किती लवकर काढता येईल. चेन्नईहून कोलंबो दीड तासाच्या आत आहे, लंडनहून दहा-अकरा तास. दुसरी गोष्ट, त्या देशाशी असलेले संबंध. भारत त्या वर्षी श्रीलंकेला सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत करत होता. त्याच वेळी ‘तेथे जाऊ नका’ म्हणणे हा राजनैतिक संदेशही ठरला असता. म्हणून भारतीय सूचनेतील मवाळ भाषेचा अर्थ ‘सारे आलबेल’ असा घ्यायचा नसतो, तसा ब्रिटिश सूचनेतील कडक भाषेचा अर्थ ‘जिवाला धोका’ असाही नसतो. दोन-तीन देशांच्या सूचना शेजारी ठेवून वाचाव्यात. विशेषतः कोणत्या जिल्ह्याचे, कोणत्या रस्त्याचे नाव त्यांत आहे ते पाहावे.

ब्रिटिश सूचनेला आणखी एक धार असते. सरकारने ‘जाऊ नका’ म्हटल्यावर गेलेल्या प्रवाशाचा विमा बहुधा लागू राहत नाही. त्यामुळे ती सूचना आली की सहल कंपन्या आपोआप सहली रद्द करतात आणि पैसे परत मिळण्याचा मार्ग खुला होतो. भारतात सूचना आणि विमा यांची अशी घट्ट सांगड नाही, हे ग्राहकाच्या फायद्याचे नाही. युद्ध आणि तत्सम प्रसंग प्रवास विम्यातून सहसा वगळलेले असतात. दंगल, संप यांबाबत प्रत्येक पॉलिसी निराळी. सहल रद्द केल्याची भरपाई मिळते ती आजारपण, घरातील मृत्यू अशा ठरलेल्या कारणांसाठी. ‘भीती वाटली’ हे त्या यादीत नसते. गडबडीची बातमी सर्वत्र झाल्यानंतर घाईघाईने काढलेली पॉलिसी तर त्या गडबडीपुरती बहुधा निरुपयोगीच.

तिकिटाचेही तसेच. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर पर्यायी उड्डाण किंवा परतावा देणे तिच्यावर बंधनकारक आहे. प्रवाशाने आपणहून रद्द केले तर नेहमीचे शुल्क कापले जाते. त्यामुळे निघायला तीन-चार आठवडे असताना घाबरून सर्व रद्द करणारा ग्राहक अनेकदा सर्वाधिक पैसे गमावतो. त्याने मागायला हवी ती तारीख बदलण्याची सवलत, आणि तीही लेखी. अशा काळात सहल कंपनीलाही ग्राहक टिकवायचा असतो. तोंडी आश्वासनावर विसंबणाऱ्याच्या हाती मात्र पुढे काही लागत नाही.

आपल्या जाण्याने कोणाचे काय?

हा प्रश्न सहलीच्या चर्चेत सहसा येत नाही. आला तर दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक म्हणजे ‘लोक उपाशी असताना मौज कसली?’ आणि दुसरे, ‘आपण गेलो तरच त्यांना पैसे मिळतील’. श्रीलंकेत दोन्ही एकाच वेळी खरी होती. २०१८ मध्ये त्या देशात २३ लाखांहून अधिक पर्यटक आले होते. ईस्टर हल्ले आणि करोना अशा दुहेरी फटक्याने २०२१ मध्ये ते दोन लाखांच्याही खाली गेले. हाती डॉलर नसल्यामुळे जहाजातले डिझेल उतरवून घेता येत नव्हते आणि पर्यटन हा डॉलर मिळवण्याच्या मोजक्या मार्गांपैकी एक होता. टुकटुक चालक, मिरिस्साचा मासेवाला, एल्ला येथे दोन खोल्या भाड्याने देणारी बाई यांच्यापर्यंत तो पैसा थेट पोहोचतो. मदतीच्या रकमेसारखा तो मंत्रालयातून झिरपत येत नाही.

पण पर्यटक डिझेल जाळतोही. जुलैमध्ये शाळेच्या बसला इंधन नव्हते आणि रुग्णाला दवाखान्यात नेण्यासाठी शेजाऱ्यांकडून लिटरभर पेट्रोल मागावे लागे. त्या काळात आठ जणांच्या कुटुंबासाठी वातानुकूलित गाडी आठवडाभर बेटभर फिरवणे कोणाच्या तरी वाट्याचे घेणेच होते. निगोम्बो किंवा उनावटुना येथे एकाच जागी आठ दिवस राहून, चालत जेवायला जाणाऱ्या जोडप्याने मात्र देऊन गेलेले अधिक आणि घेतलेले थोडे. नैतिकतेचा प्रश्न जाण्या-न जाण्यापेक्षा कसे जावे याचा अधिक आहे. सात दिवसांत सहा शहरे दाखवणारे पॅकेज टंचाईच्या देशाला साजत नाही. तशा सहलीला नकार देणे योग्यच.

एक गोष्ट मात्र टाळलीच पाहिजे. गॉल फेसचे तंबू, वाचनालय, गाणी पाहायला अनेक परदेशी पर्यटक गेले आणि वातावरण बहुतांश वेळ जत्रेसारखेच होते. पण २२ जुलैला पहाटेच्या अंधारात सैन्याने तेथे बळाने कारवाई केली. आंदोलनाची छायाचित्रे आणि मजकूर समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या एका ब्रिटिश तरुणीचा व्हिसा ऑगस्टमध्ये रद्द करण्यात आला. दुसऱ्याच्या क्रांतीत सहलीपुरते सहभागी होणाऱ्याला ती महागात पडू शकते, आणि त्याला आश्रय देणाऱ्या स्थानिकाला त्याहून अधिक.

मग निर्णय कसा घ्यायचा?

त्या वर्षीच्या श्रीलंकेपुरते बोलायचे तर मार्चअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत कुटुंबाने आणि ज्येष्ठांनी सहल पुढे ढकलणे योग्य होते, रद्द करणे नव्हे. अंगावर एक पिशवी घेऊन फिरणाऱ्या, परतीची तारीख चार दिवस इकडेतिकडे झाली तरी नोकरी न जाणाऱ्या तरुणाने एप्रिलच्या संचारबंदीचे दोन दिवस सोडले तर दक्षिण किनाऱ्यावर जायला हरकत नव्हती. म्हणजे एकाच घरातील दोघांना दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात. ‘देश सुरक्षित आहे का’ या प्रश्नात ही सोय नाही.

आणि विचारायचे कोणाला? वृत्तवाहिनीला नको, सहल कंपनीलाही एकटीला नको. ज्या घरगुती निवासात किंवा हॉटेलात राहायचे आहे तेथे थेट फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. काल गॅस होता का? गाडीवाल्याला गेल्या आठवड्यात डिझेल किती मिळाले? जवळच्या दवाखान्यात औषधे आहेत का? ‘काळजी करू नका, या’ असे उत्तर आले तर पुन्हा तेच विचारावे. ‘गॅस नाही, पण चुलीवर करून देऊ, कँडीला मात्र नेता येणार नाही’ असे सांगणारा यजमान भरवशाचा.

थांबायचे ठरवले तर किती थांबायचे, हेही ठरवून ठेवावे लागते, कारण भीती परिस्थितीपेक्षा जास्त दिवस टिकते. मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेत एक लाखाहून अधिक पर्यटक आले होते. मेमध्ये ते ३० हजारांवर आले. राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले त्या जुलैमध्ये ४७ हजार जण आले. ऑगस्टपासून क्यूआर कोडवर इंधनाचे वाटप सुरू झाले, पंपांवरच्या रांगा आटल्या, सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी प्राथमिक करार झाला. त्या सप्टेंबरमध्ये पर्यटक आले ३० हजारांहूनही कमी. हा महिना तेथे तसाही मंदीचा असतो हे खरे, पण २०१८ च्या सप्टेंबरमध्ये जवळपास दीड लाख आले होते. गाड्यांना डिझेल मिळू लागले होते, खोल्या रिकाम्या होत्या आणि एल्लाच्या चढावरचे टुकटुकवाले गिऱ्हाइकाची वाट पाहत होते.